धुवा मला

परभणीत काळ्या रंगाची गाडी घेऊ नये, असं मला झाडून सगळ्यांनी सांगितलं. फक्त ते सांगितलं गाडी घेतल्यावर. त्याआधी महिनाभर मी शाखेत, वाण्याकडे, न्हाव्याच्या खुर्चीत, 'गाडी घेतोय, गाडी घेतोय' म्हणून सांगत हिंडत होतो, तेव्हा सगळे 'वा वा!' म्हणत होते. पेढे खाऊन झाले, हात पुसून झाले, मग प्रत्येकाने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि खालच्या पट्टीत विचारलं, "काळी घेतली?" समाचाराला गेल्यावर "कधी झालं?" असं विचारतात ना, अगदी तो आवाज.

आता काळी घेण्यात माझी काही सौंदर्यदृष्टी नव्हती. काळी स्वस्त पडली, एवढंच. जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याच वयाच्या पांढऱ्या गाडीला पंचवीस हजार जास्त सांगत होते, आणि माणूस बँकेत कारकून असला की पंचवीस हजारांपुढे त्याला रंग दिसेनासे होतात. शिवाय मी मनाशी म्हटलं, आपल्या जिल्ह्याची जमीनच काळी. गाडीवर माती बसली तरी मातीत माती मिळून जाईल. इथे माझं वाणिज्य शाखेचं शिक्षण आडवं आलं. काळी माती जमिनीवर असते तोवर काळी. ती उडून पत्र्यावर बसली की चक्क चुलीतल्या राखेच्या रंगाची होते. त्यात कापसाच्या दिवसांत जिनिंगकडून येणारे तंतू, उन्हाळ्यात ४४ अंशांचं ऊन आणि बारा महिने बोअरचं पाणी. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला आतून पांढरा गिलावा होतो. तेच पाणी गाडीवर वाळलं की देवी आलेल्या माणसासारखा तिचा चेहरा होतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण ज्याने काढली त्याच्याकडेही काळीच गाडी असावी. मग ती बैलगाडी का असेना!

पण खरी हकीकत गाडीच्या रंगाची नाही. ती डिक्कीवरच्या दोन शब्दांची आहे.

जूनचा शेवटचा आठवडा. मृग कोरडा गेलेला, आर्द्राचाही पत्ता नाही. आमची कन्या बारावी होऊन पुण्याला शिकायला निघाली होती. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने मैत्रिणींना निरोप देता देता गाडीच्या डिक्कीवर, बोटभर धुळीत, ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'धुवा मला'. मैत्रिणी हसल्या, ही हसली, मीसुद्धा थोडा हसलो. सकाळी उठून मी गाडी धुतली. धूळ गेली. 'धुवा मला' तिथंच! सरळ बघितलं तर काही नाही. पण तिरप्या उन्हात उभं राहिलं की पाटीवर खडूने लिहून ओल्या फडक्याने पुसल्यासारखी दोन्ही अक्षरओळखी साफ दिसत होती.

त्या दिवशी घरापासून स्टेशनपर्यंत मी काय काय बोललो, ते इथे लिहीत नाही. त्यात गाडीचं कर्ज होतं, हप्ता होता, घसारा होता आणि 'आमच्या वेळी' हा शब्दप्रयोग किमान चार वेळा होता. पोरगी मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसलेली. फलाटावर एवढंच म्हणाली, "बाबा, मी धुळीवर लिहिलं होतं. मला वाटलं, धूळ पुसली की जाईल." तेवढ्यात गाडी लागली. हिने डोळ्यांना पदर लावला. मी मुलीला म्हणालो, "सामानाकडे लक्ष ठेव." अठरा वर्षं वाढवलेली लेक पहिल्यांदा घर सोडून जाते तेव्हा बापाने म्हणायचं वाक्य हे!

तिला तरी काय माहीत म्हणा. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. धूळ म्हणजे काही टाल्कम पावडर नव्हे. तिच्यात रेतीचे कण असतात. तिच्यावरून बोट दाबून फिरवणं म्हणजे बोटाला पॉलिशपेपर गुंडाळून फिरवणं. आणि गाडीला आपण जो रंग समजतो त्याच्यावर एक पारदर्शक थर असतो, मिस्त्री लोक त्याला नुसतं 'क्लिअर' म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. पैसे काढायच्या स्लिपचा कागद याच्या दुप्पट जाड भरेल. सगळी झळाळी त्या एवढ्याशा पापुद्र्यात, आणि आमच्या कन्येची स्वाक्षरी पण त्यातच.

हे ज्ञान मला शेजारच्या काकांमुळे झालं. काका सरकारी खात्यात अँबॅसडर चालवून निवृत्त झाले. २०१४ साली अँबॅसडर बनायची बंद झाली तेव्हा त्यांनी एक दिवस जेवण घेतलं नव्हतं, असं काकू सांगतात. त्यांचं मत असं, की आजकालच्या गाड्यांना रंगच नसतो. "आम्ही साहेबाची गाडी पॉलिश केली की फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं. तुमचं फडकं बघा. पांढरंफटक! म्हंजे रंग हाय कुठं?" मी चार ठिकाणी चौकशी केली तेव्हा कळलं, की काका अर्धे बरोबर आहेत. जुन्या गाड्यांना वरचा पारदर्शक थर नव्हता. उन्हाने भाजलेला वरचा रंगच पॉलिशने निघायचा, म्हणून फडकं रंगायचं आणि गाडी चमकायची. थोडक्यात, साहेबांची अँबॅसडर दर महिन्याला थोडी थोडी फडक्यात जात होती.

"ते जाऊ द्या," काका म्हणाले, "त्याच्यावर मेण लावा. भरून निघतंय."

म्हणून मी स्टेशन रोडला सुट्या भागांच्या दुकानात गेलो. म्हटलं, "गाडीचं मेण द्या." दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "वॅक्स का सीलंट?"

मी त्याच्याकडे पाहून हसलो. गाडीच्या दुकानात काय, बँकेत काय, ज्याला काही कळत नाही तो असाच हसतो. "विचारून सांगतो," म्हणालो आणि बाहेर पडलो. पुढे हार्डवेअरचं दुकान दिसलं. तिथे विचारलं, "सीलंट आहे का?" त्याने लगेच एक नळी काढून दिली. "कशाला पायजे? वॉशबेसिनला का कमोडला?" मी म्हटलं, "गाडीला." त्याने नळी परत घेतली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. गाडीला कमोड बसवणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा.

दुसऱ्या दिवशी हा प्रश्न मी शाखेत मांडला. आमच्याकडे कुठलाही प्रश्न दुपारी जेवणाच्या सुट्टीत मांडला की तो सुटतोच असं नाही, पण सुट्टी वाढते. आमच्या कॅशियरने मात्र, खरं सांगतो, त्या विषयावर मी पुढे जे जे ऐकलं त्यात सगळ्यात सोपं सांगितलं. पोळीचा तुकडा भाजीत बुडवत तो म्हणाला, "हे बघा, वॅक्स म्हंजे आवर्ती ठेव. दर महिन्या-दोन महिन्याला भरत राहायचं. चुकलात की खलास. सीलंट म्हंजे मुदत ठेव. एकदा लावलं की चार-सहा महिने बघायला नको."

"आणि ते सिरॅमिक कोटिंग म्हणतात ते?"

"ते गृहकर्ज. वर्षानुवर्षं टिकतं आणि आकडा ऐकून माणूस आडवा होतो."

पण दोन्हींत नेमकं असतं काय, हे मला समजलं ते कृषी विद्यापीठातल्या एका सरांकडून. परभणीचं विद्यापीठ १९७२ सालचं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. तिथली प्राध्यापक मंडळी आमच्याकडे पासबुक भरून घ्यायला येतात. प्रिंटर बंद असला की (म्हणजे एरवी) ती काउंटरला टेकून बोलत उभी राहतात. सर म्हणाले, "चांगलं वॅक्स म्हणजे कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्येकडे एक ताड असतो, त्याच्या पानावरचं मेण. तिकडे कोरडं ऊन फार, म्हणून झाडाने आपलं पाणी उडू नये यासाठी केलेली व्यवस्था. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, हे ८० च्या पुढे जातं. तुमच्या काळ्या बोनेटवर मे महिन्यात हात ठेवून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतो ते." सीलंट मात्र कुठल्याही झाडाला लागत नाही. ते कारखान्यात बनवलेलं पॉलिमर. क्लिअरला ते घट्ट चिकटून बसतं म्हणून जास्त टिकतं. पण लावल्यावर त्याला काही तास, बऱ्याचदा रात्रभर, पाण्याचा थेंब लागता कामा नये. "आणि मेणासाठी ब्राझीलला कशाला जायचं?" जाता जाता सर म्हणाले. "आपल्या ज्वारीच्या ताटावर असतं की. कधी बघितलं नाही?"

नव्हतं बघितलं. जन्म परभणी जिल्ह्यात, आईचं माहेर-सासर दोन्ही गंगाखेड तालुक्यात, भाकरी रोजची आणि ज्वारीच्या ताटावर मेण असतं हे चाळिशी उलटल्यावर बँकेच्या काउंटरवर कळलं!

पोळ्याला गावी गेलो तेव्हा मुद्दाम बांधाशी गेलो. सगळीकडे सोयाबीन, जनावरांपुरती ज्वारी बांधाकडेला उभी. ताटावर, पानाच्या आवरणावर, पांढुरकी भुकटी. अंगठ्याने पुसली की खालचा हिरवा रंग लख्ख, आणि अंगठ्याला तुळतुळीतपणा. तीच ती. ज्वारी कोरड्यात तग धरते त्यात या भुकटीचाही वाटा. मी चार ताटं पुसून बघितली, तेवढ्यात चुलतभाऊ ओरडला, "आरं, ज्वारी कामून पुसायलास?" मी म्हटलं, "वॅक्स बघतोय." त्यानंतर दिवसभर गावात माझी तब्येत विचारायला माणसं येत होती.

आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी झाली होती. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून हलक्या हाताने गोल गोल चोळायचं. म्हातारी आई ओट्यावरून बघत होती. मला म्हणाली, "तू त्या गाडीला आस्संच करतूस नव्हं? पर बैलाची येका वर्षाला येकदा. तुझं मेलं दर म्हयन्याला."

कारण तोवर मी वॅक्स आणलं होतं. जुलैतला पहिला रविवार, सकाळचे सहा. उन्हात लावायचं नाही, पत्रा गार हवा, हे डबीवर लिहिलेलं. आमच्याकडे सावली एकच, दारातल्या लिंबाच्या झाडाची, आणि त्या झाडावर कावळ्यांची वस्ती. पाखरांची विष्ठा आम्लयुक्त असते, उन्हात ती क्लिअरला खात जाते, म्हणजे सावलीत उभी करावी तर कावळे आणि उन्हात करावी तर सूर्य. मी गाडी अर्धी सावलीत, अर्धी देवाच्या भरवशावर लावली. आधी धुतली, पुसली, मग स्पंजवर बोटभर वॅक्स घेऊन एकेका भागावर पातळ हात दिला. पातळ म्हणजे किती? मी आपला श्रीखंडाच्या हिशेबाने सुरुवात केली. बोनेटवर एवढं बसलं की ते पुसून काढायला साडेसहा ते आठ गेले आणि हिचे तीन पंचे गेले. डिक्कीपर्यंत येईतो मात्र हात बसला. लावलं, धुरकट झालं, मायक्रोफायबरच्या फडक्याने अलगद पुसलं. मी मागे सरलो. तिरप्या उन्हात वाकून पाहिलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

'धुवा मला' गायब!

डिक्कीत मला माझं तोंड दिसत होतं. बनियनवर, घामाघूम, कानाला वॅक्स. हिला हाक मारली. ती बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, "गेलं होय?" आणि आत गेली. तिच्या आवाजात जो आनंद असायला हवा होता तो काही मला सापडला नाही.

पुण्याहून फोन यायचा रोज रात्री. यायचा हिला. मेसचं जेवण, खोलीतल्या मुली, पाऊस, सगळं हिला. शेवटी माझ्या हातात फोन यायचा तेव्हा तीन वाक्यं. "बरी आहेस ना?" "हो." "पैसे आहेत ना?" "आहेत." "बरं." फोन खाली ठेवल्यावर मला नेहमी चौथं वाक्य आठवायचं. पण खातं बंद झाल्यावर आठवलेल्या नोंदीचा काय उपयोग?

सप्टेंबरात, गौरी-गणपती झाल्यावर, एका संध्याकाळी बँकेतून परत आलो. दुपारी पाऊस पडून गेलेला. पूर्वी पाण्याचे थेंब गाडीवर मोत्यासारखे उभे राहायचे, आता पसरट झालेले. वॅक्स संपत आल्याची ही खूण. ऊन मावळतीचं, बरोबर तिरपं. डिक्की उघडायला गेलो आणि हात तिथंच थांबला. 'धु' आला होता. मागोमाग 'वा' अंधूक. आठवडाभरात 'मला'सुद्धा आला.

तेव्हा उलगडा झाला. वॅक्सने ओरखडा जात नाही. बारीक ओरखड्यात ते भरून बसतं, उजेड सपाट परततो, आणि आपल्याला वाटतं गेला. वॅक्स उडालं की ओरखडा आपला जागच्या जागी. ताळेबंद सजवून दाखवण्याचा हा प्रकार आम्हा बँकवाल्यांना काही नवा नाही. पण स्वतःच्या गाडीवर तो मला ओळखता आला नाही.

डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीने डिक्कीवर तळहात फिरवला, डॉक्टर पोटावरून फिरवतात तसा. "साब, ये तो क्लिअर में उतरेला है. वॅक्स काय को लगाते बैठे? मशीनपे रबिंग मारता, दो हात कंपाउंड, एकदम साफ. उप्पर से सीलंट. छे म्हैने देखनेकाच नै."

"रबिंग म्हणजे क्लिअर घासणार?"

"थोडा तो जाएगा ना साब. जितना गहरा लिखेला, उतना घिसना पडता."

"आणि न घासता नुसतं सीलंट लावलं तर?"

"तो जो है वोच पॅक हो जाएगा. सीलंट छुपाता नै. नीचे जैसा है वैसा दिखाता." मग अक्षरं नीट लावत त्याने वाचलं आणि हसला. "किसने लिखा?"

"मुलीने."

"घर पे है?"

"पुण्याला असते."

मिस्त्री मशीनची वायर गुंडाळायला लागला. "फिर सोच के आव साब," म्हणाला. "घिस दिया तो वापस नै आता." धंद्यावर पाणी सोडणारा कारागीर मी परभणीत त्या दिवशी पाहिला.

सोचायला मी आठ दिवस घेतले. मी वॅक्स-सीलंटचा एक तक्ताच मांडला होता. जमेला चार बाबी, नावे तीन, खर्च वर्षाचा. तक्त्याप्रमाणे सीलंट सरळ जिंकत होतं. आमच्यासारख्या, पाणी आणि वेळ दोन्ही कमी असलेल्या माणसाने सीलंटच लावावं, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन. शाखेतल्या दोघांना सांगितलंही; दोघांच्या गाड्या आज चकाकताहेत. पण दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी सहाला मी लिंबाखाली वॅक्सचीच डबी घेऊन बसलो होतो. काका कुंपणावरून म्हणाले, "आवो, परत तेच? मुदत ठेव करणार होतात नव्हं?" मी म्हटलं, "मुदतीच्या आधी मोडता येत नाही काका ती." दसऱ्याला गाडीची पूजा झाली, झेंडूचा हार घातला, हिने बोनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी काही बोललो नाही. जूनमधला मी असतो तर कुंकवाच्या डागावर अर्धा तास बोललो असतो.

दिवाळीला कन्या आली. स्टेशनवरून येताना मागच्या सीटवर बसून हिच्याशी अखंड बोलत होती. घरी पोचल्यावर पिशव्या काढायला डिक्कीपाशी आली आणि गप्प झाली. वाकून बघितलं. बोट टेकवणार होती, पण मध्येच हात मागे घेतला.

"गेलं का हो, बाबा?"

"गेलं नाही. झाकलंय."

मग तिथंच उभं राहून मी तिला ताड, ज्वारी, क्लिअर, मायक्रॉन, मिस्त्री सगळं सांगितलं. इतकं सलग मी तिच्याशी बारावीच्या हिशेबाच्या पेपरानंतर बोललो नव्हतो. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मग दाखवा की."

"वॅक्स उडायला अजून महिना आहे."

"साबणाने नाही निघत?"

निघतं. भांड्यांच्या कडक साबणाने वॅक्स निघतं, म्हणून तर तो गाडीला लावू नये म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बादल्या भरल्या, स्वयंपाकघरातून साबणाची बाटली पळवली आणि दोघांनी मिळून डिक्की धुतली. एकदा, दोनदा, तीनदा. ऊन लिंबाच्या फांदीखालून सरकत डिक्कीवर आलं.

"दिसतंय," ती म्हणाली.

मी फडकं पिळत म्हटलं, "त्या दिवशी स्टेशनवर जाताना मी जरा जास्तच बोललो."

"जरा?"

तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, फराळाची भांडी तशीच पडलीत! साबणाची बाटली कुठे नेऊन ठेवली?"

बाटली डिक्कीवर होती, 'धु'च्या उकाराखाली.